रोस्टसोबत कोणती वाइन? जिभेचे उत्तर आणि पोटाचे उत्तर

नाताळ जवळ आला की युरोपातल्या घरांत दोन प्रश्नांवर चर्चा रंगते. यंदा ओव्हनमध्ये काय जाणार आणि त्याच्यासोबत कोणती बाटली उघडायची? जर्मनीत अख्खा गूज, म्हणजे पाळीव हंस भाजतात आणि लाल कोबी व बटाट्याच्या उकडलेल्या गोळ्यांबरोबर वाढतात. इंग्लंडमध्ये टर्कीचा मान असतो, फ्रान्समध्ये चेस्टनट घातलेल्या टर्कीचा. पोर्तुगालच्या बैराडा भागात सणासमारंभाला डुकराचे लहान पिल्लू लाकडाच्या भट्टीत अख्खे भाजले जाते. तीच परंपरा पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आली आणि लेइतांव या नावाने आजही ख्रिस्ती घरांच्या मेजवानीत टिकून आहे.

आता हा प्रश्न मराठी घरांनाही परका राहिलेला नाही. लंडन, म्युनिक किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या मुलाकडे गेलेल्या आईवडिलांना शेजारी नाताळच्या जेवणाला बोलावतात. पुण्या-मुंबईतली हॉटेले या आठवड्यात रोस्ट आणि वाइनचा बेत जाहीर करतात. अशा जेवणात दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले, ‘लाल मांसाला रेड वाइन, पांढऱ्या मांसाला व्हाइट.’ दुसरे, ‘घ्या हो थोडी, जड जेवण पचायला बरे असते.’

यातले पहिले वाक्य अर्धे खरे आहे आणि त्यामागे चांगले विज्ञान आहे. दुसरे वाक्य चुकीचे आहे, पण ते खरे का वाटते याचे उत्तर पहिल्यातच दडलेले आहे. म्हणून आज दोन्ही वाक्ये एकत्र तपासू.

ओशट आणि तुरट

रोस्ट म्हणजे कोरड्या उष्णतेवर, पाणी न घालता भाजलेला मांसाचा मोठा तुकडा किंवा अख्खा पक्षी. पृष्ठभागाचे तापमान साधारण १४० अंश सेल्सिअसच्या वर गेले की मांसातली अमिनो आम्ले आणि शर्करा यांच्यात प्रक्रियांची साखळी सुरू होते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामिय मायार यांनी १९१२ मध्ये तिचे वर्णन केले, म्हणून ती मायार प्रक्रिया. भाजलेल्या मांसाचा तपकिरी रंग आणि खमंग वास तिच्यातूनच येतो. त्याच वेळी कातडीखालची चरबी वितळते. थोडी गळून जाते, थोडी मांसात मुरते आणि उरलेली ग्रेव्हीत उतरते. त्यामुळे सणाच्या रोस्टमध्ये खमंगपणा, मीठ आणि भरपूर मेद हे तिन्ही एकत्र असतात.

असे काही खाल्ले की पाच-सहा घासांनंतर तोंड ओशट होते. जिभेवर आणि टाळूवर मेदाचा थर बसतो, पुढच्या घासाची चव बोथट होते. इथे रेड वाइन कामाला येते, आणि ती काय करते हे सांगायला मराठीत फार नेमका शब्द आहे: तुरट.

जांभूळ किंवा कच्चे केळे खाल्ल्यावर जीभ खरखरीत आणि कोरडी होते, तोच हा तुरटपणा. तो टॅनिन या गटातल्या पदार्थांमुळे येतो. द्राक्षाची साल आणि बी यांत टॅनिन भरपूर असते. रेड वाइन सालीसकट आंबवतात म्हणून तिच्यात ते उतरते. व्हाइट वाइनसाठी रस आधीच वेगळा काढतात, म्हणून तिच्यात ते फारच कमी असते. आपल्या लाळेत प्रोलिन हे अमिनो आम्ल मुबलक असलेली काही प्रथिने असतात आणि त्यांच्यामुळे तोंडात बुळबुळीतपणा, वंगण राहते. टॅनिन या प्रथिनांना चिकटते, त्यांचे गोळे होतात आणि वंगण कमी होते. तोंड कोरडे वाटते ते यामुळे.

म्हणजे मेद तोंडाला वंगण देतो आणि टॅनिन ते काढून घेते. दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध दिशेने ओढतात. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात मोनेल केमिकल सेन्सेस सेंटर ही वास आणि चवीवर संशोधन करणारी संस्था आहे. तिथल्या संशोधकांनी २०१२ मध्ये याचा साधा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी स्वयंसेवकांना सुकवलेले चरबीयुक्त मांस दिले आणि मध्ये मध्ये सौम्य तुरट द्रावणाचे घोट दिले. दोन गोष्टी दिसल्या. द्रावण सौम्य असले तरी घोटागणिक तुरटपणा वाढत गेला. आणि मांसाबरोबर आलटून पालटून घेतल्यावर तोंडातला ओशटपणा, नुसत्या पाण्याने कमी होतो त्यापेक्षा जास्त कमी झाला. तुरटपणाही आटोक्यात राहिला.

याला दुसरी बाजूही आहे. तेलाचे बारीक थेंब टॅनिनचे रेणू स्वतःकडे ओढून घेतात, असे फ्रान्समधल्या बोर्दो येथील संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवले. एरवी घशाला खरखरणारी वाइन चरबीदार मांसाबरोबर मऊ लागते, तिचे एक कारण हे आहे.

मोनेलच्या प्रयोगात वापरलेली द्रावणे मात्र नीट पाहायला हवीत. त्यात द्राक्षाच्या बियांचा अर्क होता, ग्रीन टीमधला एक घटक होता आणि तुरटीच्या कुळातले ॲल्युमिनियम सल्फेट होते. वाइन नव्हती, म्हणजे मद्यार्कही नव्हता. तरीही तोंड स्वच्छ झाले. ओशटपणा घालवण्याचे काम तुरटपणा करतो, मद्यार्क नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो उपयोगी पडेल.

आंबटाची जादू

तुरटाशिवाय आणखी एक चव मेदाला उतारा देते, ती म्हणजे आंबट. आंबट पदार्थ तोंडात गेला की लाळ सुटते आणि पातळ लाळेने तोंड धुतले जाते. मटणाच्या ताटात लिंबाची फोड आणि कांदा असतो, कोकणी जेवणात कोकम असते, त्यामागे हेच शहाणपण आहे. वाइनमध्ये हे काम टार्टारिक आणि मॅलिक ही आम्ले करतात.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे बैराडा. तिथल्या भाजलेल्या पिल्लाला लसूण, मिरे आणि डुकराच्या चरबीचे वाटण लावतात. कातडी पापडासारखी कुरकुरीत होते आणि आत मऊ मेदाचा थर राहतो. लाल मांसाला रेड आणि पांढऱ्याला व्हाइट या नियमाने पाहिले तर इथे गोंधळ उडेल. स्थानिक लोकांनी मात्र वेगळेच ठरवून टाकले आहे. ते याच्यासोबत त्याच भागात तयार होणारी फसफसणारी वाइन पितात. तिची आम्लता चांगली असते, बुडबुडे जिभेला टोचतात आणि थंडगार वाढल्यामुळे प्रत्येक घोटानंतर तोंड ताजे होते.

यावरून ‘रेड की व्हाइट’ या जुन्या नियमातली उणीव कळते. मांसाचा रंग फारसा महत्त्वाचा नाही. मेद किती, मीठ किती, सोबतची ग्रेव्ही किंवा सॉस गोड की आंबट, आणि तिखट आहे का, हे चार प्रश्न महत्त्वाचे. वाइनच्या बाजूनेही रंगापेक्षा आम्लता, टॅनिन, गोडवा आणि मद्यार्काचे प्रमाण पाहावे.

कोणत्या रोस्टला काय

हे चार प्रश्न नेहमीच्या रोस्टना लावून पाहू.

गूज किंवा बदक: कातडीखाली मेदाचा जाड थर, सोबत सफरचंद किंवा आंबटगोड लाल कोबी. इथे जास्त आम्लतेची वाइन शोभते. जर्मनीत रीसलिंग ही व्हाइट किंवा श्पेटबुर्गुंडर, म्हणजेच पिनो न्वार ही हलकी रेड घेतात. दोन्ही आंबटसर आणि टॅनिनला सौम्य.

टर्की: हिच्या छातीचे मांस कोरडे आणि कमी मेदाचे असते. टॅनिनला चिकटायला मेद मिळाला नाही की ते सगळे लाळेवर तुटून पडते आणि कोरडे मांस आणखी कोरडे वाटते. म्हणून टर्कीबरोबर जाड, तुरट रेड टाळावी. हलकी रेड किंवा जराशी भरीव व्हाइट बरी. क्रॅनबेरीचा गोड सॉस असेल तर अगदी कोरडी वाइन आंबट-कडू लागते, कारण जिभेवर आधीच साखर असते.

बीफ किंवा कोकराचा रोस्ट: मांसात मेदाच्या रेषा, वर मिठाचा हात सढळ. तुरट रेड वाइनची खरी जागा इथे आहे. बोर्दोजवळच्या पोयाक भागात कोकराचे मांसही प्रसिद्ध आहे आणि काबर्ने सोव्हिन्यों द्राक्षाची तुरट रेडही, आणि दोन्ही एकाच टेबलावर येतात. मीठ कडवटपणा दाबते, त्यामुळे पुरेसे मीठ असलेल्या मांसाबरोबर अशी वाइन अधिक गोल लागते.

गोव्याचे मसालेदार मांस: इथे मिरचीचा प्रश्न येतो. मिरचीतले कॅप्सेसिन ज्या संवेदकाला चेतवते तोच संवेदक एरवी सुमारे ४२ अंशांच्या वरची उष्णता ओळखतो. मद्यार्कामुळे हा उंबरठा सुमारे ३४ अंशांपर्यंत खाली येतो, असे इटलीतल्या संशोधकांनी २००२ मध्ये दाखवले. म्हणजे आपल्या नेहमीच्या तोंडाच्या तापमानालाही तो ‘भाजले’ म्हणून ओरडतो. तिखट जेवणावर १५ टक्क्यांची रेड घेतली की आग वाढते ती यामुळे. सोरपोतेलमध्ये व्हिनेगरही असते, आणि आंबट पदार्थाबरोबर कमी आंबट वाइन पाणचट लागते. म्हणून अशा जेवणाला कमी मद्यार्काची, आंबट, किंचित गोडसर आणि थंड व्हाइट चांगली. नाशिकमध्ये होणारी शेनिन ब्लाँ या कामाला सोयीची आहे.

एक बारीक सूचना तापमानाची. ‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा नियम युरोपातल्या थंड घरांचा आहे. तिथे खोली म्हणजे १६ ते १८ अंश. मुंबईत डिसेंबरमध्येही खोली त्याहून बरीच गरम असते. गरम वाइनमधून मद्यार्काची वाफ जास्त उठते आणि नाकाला झोंबते. रेडसुद्धा वाढण्यापूर्वी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी.

घशाखाली काय होते?

इथपर्यंतचे सगळे तोंडात घडले. तोंड हलके झाले, पुढचा घास पुन्हा चविष्ट लागला. मेंदूला वाटते, जेवण हलके झाले. ‘वाइनने पचते’ ही समजूत इथे जन्म घेते. पण तोंडातला ओशटपणा गेला म्हणून पोटातला मेद कमी होत नाही. उलट, तोंड ताजे राहिल्याने आपण एखादा तुकडा जास्तच खातो.

पोटात काय होते हे स्वित्झर्लंडच्या झुरिक विद्यापीठ रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तपासले. त्यांचा अभ्यास डिसेंबर २०१० मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. पदार्थ रोस्ट नव्हता, चीज फॉन्ड्यू होता, म्हणजे वितळलेल्या चीजमध्ये पाव बुडवून खाण्याचा स्विस प्रकार. मेदाने भरलेले सणाचे जेवण म्हणून तो रोस्टचा सख्खा भाऊच. स्वित्झर्लंडमध्ये जुना वाद आहे, फॉन्ड्यूबरोबर व्हाइट वाइन प्यावी की कोरा चहा? २० निरोगी स्वयंसेवकांवर हा वाद सोडवण्यात आला. जेवणात खास खूण केलेला कार्बन मिसळला होता. अन्न जठरातून पुढे सरकून पचले की तो कार्बन श्वासातून बाहेर पडतो, त्यामुळे श्वासाचे नमुने घेऊन जठर किती वेगाने रिकामे होते ते कळते.

निकाल स्पष्ट होता. वाइनबरोबर जेवलेल्यांचे जठर चहावाल्यांपेक्षा सावकाश रिकामे झाले. जेवणानंतर ‘पचनासाठी’ म्हणून चेरीपासून केलेली कडक दारू दिली, तिनेही वेग आणखी मंदावला. दिलासा एवढाच की या निरोगी लोकांमध्ये पोटदुखी, जळजळ किंवा गच्चपणाच्या तक्रारी दोन्ही गटांत सारख्याच राहिल्या. म्हणजे निरोगी माणसाला त्रास वाढला नाही, पण पचन सुधारलेही नाही. ज्यांना आधीच आम्लपित्त आहे त्यांचे गणित वेगळे. मद्यार्क अन्ननलिकेच्या खालच्या झडपेला सैल करतो, मेदही तेच करतो आणि जेवल्यावर लगेच आडवे झाले की आम्ल वर येते.

सावकाश रिकाम्या होणाऱ्या जठराचा आणखी एक परिणाम आहे. मद्यार्क मुख्यतः लहान आतड्यात शोषला जातो. भरल्या पोटी तो तिथे उशिरा पोहोचतो, म्हणून पहिल्या पेल्यानंतर काही जाणवत नाही. ‘मला चढली नाही’ असे म्हणत दुसरा आणि तिसरा पेला होतो. मग सगळे मागाहून हळूहळू रक्तात उतरते आणि नेमकी तीच गाडीची किल्ली हातात घेण्याची वेळ असते.

यकृताचा अग्रक्रम

आपल्या शरीरात मेद साठवायला जागा आहे, साखर साठवायला थोडी जागा आहे, मद्यार्क साठवायला मात्र नाही. म्हणून तो आला की यकृत इतर कामे बाजूला ठेवून आधी त्याचा निकाल लावते. मद्यार्काचे ॲसिटाल्डिहाइड होते, त्याचे ॲसिटेट होते आणि या काळात मेद जाळण्याचे काम मागे पडते. नेमका त्याच वेळी रोस्टमधला मेद आतड्यातून रक्तात येत असतो. म्हणून मेदयुक्त जेवणाबरोबर मद्य घेतल्यास जेवणानंतरचे रक्तातले ट्रायग्लिसराइड नुसत्या जेवणापेक्षा जास्त चढते.

भारतीय वाचकांसाठी ही बाब किरकोळ नाही. पोटाचा घेर, मधुमेह, ट्रायग्लिसराइड वाढलेले आणि यकृतात मेद साचलेला, हे चौघे आपल्याकडे अनेकदा एकाच अहवालात भेटतात. ट्रायग्लिसराइड खूप वाढलेले असेल तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. अशांनी जड मेजवानी आणि मद्य यांची गाठ पडू देऊ नये.

हृदयाचेही एक दुखणे सणाशी जोडलेले आहे. अमेरिकी डॉक्टर फिलिप एटिंगर आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये ‘हॉलिडे हार्ट’ या नावाने त्याचे वर्णन केले. एरवी हृदयविकार नसलेली माणसे शनिवार-रविवार किंवा सुट्टीत जास्त मद्य घेतल्यावर अनियमित ठोक्यांची तक्रार घेऊन रुग्णालयात येत होती. छातीत फडफड, धडधड, दम लागणे ही लक्षणे मेजवानीच्या रात्री किंवा दुसऱ्या दिवशी दिसली तर ‘गॅस झाला’ म्हणून सोडून देऊ नयेत.

‘पण रेड वाइन हृदयाला चांगली ना?’

हा प्रश्न इथे येणारच. फ्रेंच लोक लोणी, चीज, मांस खातात तरी त्यांच्यात हृदयविकार तुलनेने कमी, याला ‘फ्रेंच पॅराडॉक्स’ म्हटले गेले. सेर्ज रेनो आणि मिशेल द लोर्जेरिल यांनी १९९२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिताना त्याचे श्रेय वाइनकडे दिले. त्याआधीच्या वर्षी एका अमेरिकी टीव्ही कार्यक्रमाने हीच कल्पना घरोघरी पोहोचवली होती आणि तिथे रेड वाइनचा खप वाढला.

पुढे या अभ्यासांतल्या उणिवा दिसू लागल्या. ‘न पिणाऱ्यां’च्या गटात पूर्वी भरपूर पिऊन आजारपणामुळे सोडलेले लोकही मोजले जात, त्यामुळे थोडी पिणारे आपोआप निरोगी दिसत. शिवाय जेवणाबरोबर एक पेला घेणारी माणसे बऱ्याचदा सुस्थितीतली, बरे खाणारी, चालणारी-फिरणारी असतात. रेझव्हेराट्रॉल या रेड वाइनमधल्या घटकाचीही बरीच जाहिरात झाली. पण वाइनमध्ये तो लिटरमागे काही मिलिग्रॅमच असतो. इटलीतल्या कियांती भागात, म्हणजे वाइनच्याच मुलुखात, ६५ वर्षांवरच्या ७८३ लोकांचा सुमारे नऊ वर्षे मागोवा घेण्यात आला. त्यांच्या आहारातले रेझव्हेराट्रॉल आणि हृदयविकार, कर्करोग किंवा मृत्यू यांचा संबंध आढळला नाही, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले.

दुसरीकडे, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला १९८८ मध्येच माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले आहे. वाइन त्याला अपवाद नाही. २०२३ च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले की आरोग्याला पूर्णपणे सुरक्षित असे मद्याचे कोणतेही प्रमाण सांगता येत नाही. धोका पहिल्या थेंबापासून सुरू होतो आणि प्रमाणाबरोबर वाढतो. म्हणून आरोग्यासाठी वाइन सुरू करण्याचे कारण उरलेले नाही. चवीसाठी कोणी पीत असेल तर ती चवीची निवड आहे, औषध नाही.

बाटलीवरचा एक आकडा

चवीची निवड करायचीच असेल तर लेबलवर एक आकडा आधी पाहा: मद्यार्काची टक्केवारी. वाइनमध्ये ती साधारण ८ ते १५ टक्क्यांपर्यंत बदलते आणि फरक वाटतो त्यापेक्षा मोठा असतो. १५० मिलिलिटरचा पेला घेऊ. ९ टक्क्यांच्या वाइनच्या पेल्यात सुमारे ११ ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो, १५ टक्क्यांच्या पेल्यात सुमारे १८ ग्रॅम. एका ग्रॅमला ७ कॅलरी, म्हणजे ७५ विरुद्ध १२५. यकृत ताशी साधारण ७ ते १० ग्रॅम मद्यार्क हातावेगळा करते. पहिला पेला तासा-दीड तासात संपतो, दुसऱ्याला दोन तास आणि वर लागतात. थंड पाण्याची आंघोळ किंवा कडक कॉफीने हा वेग वाढत नाही.

ब्रिटनमधल्या वैद्यकीय सल्ल्यानुसार आठवड्याची मर्यादा १४ युनिट आहे, तीही तीन किंवा अधिक दिवसांत विभागून. तिथले एक युनिट ८ ग्रॅमचे, म्हणजे आठवड्याला ११२ ग्रॅम. १५ टक्क्यांच्या एकाच बाटलीत ८९ ग्रॅम असतात. दोघांनी मिळून अशा दोन बाटल्या संपवल्या तर प्रत्येकाची बहुतेक आठवड्याची मर्यादा एका रात्रीत संपते.

गाडी चालवण्याचा नियमही देशागणिक बदलतो. इंग्लंडमध्ये १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम, जर्मनीत ५०, भारतात ३०. साठ किलो वजनाच्या व्यक्तीने उपाशीपोटी १५ ग्रॅम मद्यार्काचा एकच पेला घेतला तरी भारतातली मर्यादा ओलांडली जाऊ शकते. जेवणाबरोबर शिखर खाली राहते, पण ते कधी येईल याचा भरवसा नसतो. सोपा नियम एकच: गाडी चालवायची असेल तर वाइन नाही.

आता मेजवानीच्या टेबलाकडे परत वळू. गूज, बदक, भाजलेले पिल्लू, मसालेदार मांस या सगळ्यांत जास्त मेदाच्या पदार्थांना चवीच्या दृष्टीने योग्य वाइन कोणती निघाली? आंबट, थंड, हलकी. आणि अशा वाइनमध्ये मद्यार्कही अनेकदा कमी असतो, कारण द्राक्ष फार पिकण्याआधी खुडले तर त्यात आम्ल जास्त आणि साखर कमी राहते. साखर कमी म्हणजे आंबल्यावर मद्यार्क कमी. या बाबतीत जीभ आणि यकृत एकाच बाजूने बोलतात. एक सावधगिरी मात्र हवी. ८-९ टक्क्यांच्या काही वाइनमध्ये न आंबलेली साखर शिल्लक असते. मधुमेहींनी तिचा हिशेब धरावा.

पेल्याशिवायची मेजवानी

मोनेलच्या प्रयोगातला मुद्दा आता उपयोगी पडतो. तोंड स्वच्छ करायला तुरट आणि आंबट पुरेसे आहेत. टेबलावर न पिणारे कोणी असेल, आणि मराठी कुटुंबात ते असतातच, तर त्यांच्यासमोर गोड सरबताची बाटली ठेवणे हा रोस्टवर अन्याय आहे. साखर मेदाला आणखी जड करते. त्याऐवजी हे करून पाहा:

• कोरा चहा जरा जास्त वेळ मुरवून, गाळून, थंड करावा. साखर नको. बीफ किंवा मटणाच्या रोस्टबरोबर तो रेड वाइनची जागा चांगली घेतो. झुरिकमध्ये पोटाच्या शर्यतीतही तोच पुढे होता.

• कोकमाचे आगळ पाण्यात घालून, चिमूटभर मीठ आणि वर सोडा. बदक किंवा डुकराच्या मांसाबरोबर ते बैराडाच्या फसफसत्या वाइनचे काम करते. नारळाचे दूध घातलेली सोलकढी इथे नको, कारण ती स्वतःच मेदाची भर घालते.

• वाइन घेणाऱ्यांसाठी १०० मिलिलिटरचा पेला भरावा आणि प्रत्येक पेल्यामागे पाण्याचा एक पेला. पहिला घोट जेवणाबरोबरच, उपाशीपोटी नाही. जेवणानंतरची ‘पाचक’ दारू वगळावी आणि त्याऐवजी पंधरा मिनिटे चालून यावे.

काही जणांसाठी मात्र उत्तर साधे ‘नको’ असेच आहे. गरोदर स्त्रिया, यकृत किंवा स्वादुपिंडाचा आजार असलेले, पूर्वी व्यसन सोडलेले, हृदयाचे ठोके अनियमित असलेले यांनी एक घोटही टाळावा. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर मद्यामुळे काही तासांनी, कधी झोपेत, धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, कारण मद्यार्कात गुंतलेले यकृत साखर तयार करण्याचे काम थांबवते. झोपेच्या, ॲलर्जीच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबाबतही आधी डॉक्टरांना विचारावे. गाऊट असलेल्यांना मांस आणि मद्य ही जोडी रात्रीतून अंगठा सुजवू शकते.

यजमानांनी एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. पाहुण्याने पेल्यावर हात ठेवला तर ‘थोडी घ्याच, पचायला बरी’ असा आग्रह करू नये. ती पचनाला मदत करत नाही हे आता ठाऊक आहे. ओशट तोंडाला हवा असतो तुरट किंवा आंबट घोट, आणि तो प्रत्येक पाहुण्याला त्याच्या पसंतीच्या पेल्यात देता येतो.